सोबत येणाऱ्याचे नाव

त्या वर्षी पावसाळ्यात मला कावीळ झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं, बाई, तुम्ही आता महिनाभर आराम करा. म्हणणारे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर होते. वयानं लहान, कुठल्याशा मोठ्या शहरातून नुकतेच बदलून आलेले, म्हणून आराम हा शब्द त्यांच्या तोंडून इतका सहज निघाला. आमच्या जवळा बाजार गावात आराम करायचा तो जावयानं, नाहीतर पोळ्याच्या दिवशी बैलानं.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवत होते आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. वडील गेले तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि दोन्ही धाकटे भाऊ अजून शाळेत होते. वर्षभरात आईही गेली. आधी भावांना मार्गी लावायचं आणि मग माझं बघायचं, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं होतं ते आता आठवत नाही, बहुधा मीच. भाऊ मार्गी लागले. मोठा नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून झाला, धाकटा औरंगाबादला मास्तर. दोघांची लग्नं मीच जुळवली. माझं बघायचं राहून गेलं, आणि ते राहिलंय हे कोणाच्या लक्षात यायच्या आत मी गावाची बाई होऊन बसले.

काविळीत मी तीन आठवडे त्या खोलीत पडून होते. घरमालकीण भली बाई. रोज ताकाचा तांब्या आणि ज्वारीच्या कण्या आणून उंबऱ्याशी ठेवायची, पण कावीळ लागते अशी तिची पक्की समजूत, म्हणून लांबूनच हाक मारून निघून जायची. एक दिवस दुपारी मला फार तहान लागली. घागर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होती, आठ पावलांवर. मी उठले, दोन पावलं टाकली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि परत खाटेवर बसले. मग मी त्या घागरीकडे नुसती बघत बसले. साठ पोरांना दिवसभर दरडावणारी बाई मी, पण त्या दुपारी मला रडू फुटलं. मरणाची भीती वाटली नाही. कोणीतरी पेला भरून हातात द्यावा, एवढंच वाटत होतं, आणि ते देणारं कोणी नव्हतं.

म्हणून डॉक्टरांचा शब्द मी मनावर घेतला. दिवाळीची सुट्टी साडेतीन आठवड्यांची असायची. या दिवाळीत कुठेतरी जायचं आणि एकवीस दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी हातून पाणी प्यायचं, असं मी ठरवलं. शाळेत एक मासिक यायचं. त्याच्या शेवटच्या पानांवर आयुर्वेदिक आरोग्यधामांच्या जाहिराती असत. तेल लावून शेक, काढे, पथ्याचं जेवण, स्वच्छ हवा. मी त्यातली तीन निवडली आणि तीन पोस्टकार्डं टाकली.

उत्तरं शाळेच्या पत्त्यावर आली, त्यामुळे ती आधी हेडमास्तरांनी वाचली, मग सगळ्या मास्तरांनी, आणि सगळ्यांच्या मागून मी. हेडमास्तर म्हणाले की झोपायचंच असेल तर इतक्या लांब कशाला जायचं, झोप काय इथं येत नाही? दुसरे एक मास्तर म्हणाले की तेलच लावायचं तर आमच्या घरचं करडईचं घेऊन जा. मी दोघांकडेही दुर्लक्ष केलं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

पंधरा दिवस ती तीन माहितीपत्रकं माझ्या उशाशी होती. कोणी नवी नवरी साड्या उलगडून बघत नसेल इतक्या वेळा मी ती उलगडली. पहिलं आरोग्यधाम गोदावरीकाठचं, सगळ्यात जवळचं. कागद गुळगुळीत, भाषा गोड. पण तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, सात्त्विक आणि सोवळ्याचा स्वयंपाक. ती ओळ मी एकदाच वाचली. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात माझ्या ताटाचं काय होतं हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते पत्रक मी घडी घालून पेटीच्या तळाशी टाकलं. दुसरं पुण्याच्या बाजूचं होतं. तिथल्या फोटोत पांढऱ्या कपड्यांतली माणसं वेताच्या खुर्च्यांत बसून इंग्रजी पेपर वाचत होती. पत्रात लिहिलं होतं की यंदा जागा नाही, पुढच्या वर्षी विचारावे. मला वाईट वाटलं नाही. त्या खुर्चीत मला बसताच आलं नसतं.

तिसरं सह्याद्रीच्या पायथ्याचं, एस.टी.नं दीड दिवसाच्या वाटेवरचं. कागद साधा, छपाई पुसट, पण त्यात एक फोटो होता. लांब पडवी, पडवीत खाटांची रांग, आणि पहिल्याच खाटेवर भर दुपारच्या उन्हात एक बाई गाढ झोपलेली. कोणी तिला उठवत नव्हतं. मोठी झालेली, धडधाकट बाई दिवसाउजेडी झोपली आहे आणि तिला कोणी बोलत नाही, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. माझी आई मी दिवसा आडवी झालेली बघितली ती एकदाच, आणि तेव्हा ती उठलीच नाही. मी त्याच दिवशी ठरवलं की जायचं ते इथंच.

सोबत अर्जाचा कागद होता. मी तो पेन्सिलीनं भरला. ती माझी सवयच आहे. पोरांना मी सांगायची की आधी पेन्सिलीनं लिहा, चूक खोडता येते, मग शाई. रुग्णाचं नाव, वय, आजार, पूर्वीचा आजार, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. नवव्या रकान्याशी पेन्सिल थांबली. सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव व रुग्णाशी नाते. खाली बारीक अक्षरात सूचना होती की प्रत्येक रुग्णाबरोबर स्वतंत्र एक माणूस पाहिजेच, नाहीतर जागा मिळणार नाही. आणि त्याच्याही खाली, घरातल्या कर्त्या पुरुषाची सही.

तो रकाना आठ दिवस कोरा राहिला. माझ्या ओळखीची माणसं मी मनात एकेक करून उभी केली. शाळेतल्या दुसऱ्या बाईंना चार लेकरं. शिरड शहापूरकडे माझी एक चुलत बहीण होती, पण दिवाळीत कापूस वेचायचा सोडून ती कशी येईल? घरमालकीण उंबरा ओलांडत नव्हती. धाकट्या भावाला पत्र टाकलं. आठव्या दिवशी उत्तर आलं, सप्रेम जयभीम घालून. त्याला पेपर तपासायचे होते, त्याच्या बायकोला दिवस गेले होते. त्यानं मोठ्या मायेनं लिहिलं होतं की आक्का, परक्या ठिकाणी कशाला जातेस, इकडेच ये, इथं आराम कर. त्याच्याकडचा आराम मला ठाऊक होता. मागच्या उन्हाळ्यात असाच आराम करायला गेले होते आणि दोन पायल्यांच्या कुरडया घालून परत आले होते.

मग राहिला नांदेडचा. खरं सांगायचं तर पहिल्यापासून माझ्या मनात तोच होता. लहानपणी तो आजारी पडला की मी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात जायची. तो म्हणेल, आक्का, मी येतो, मला रजा आहे. नाहीतर भावजयीला तरी म्हणेल की तू जा आक्कासोबत. सही त्याची लागत होतीच. आता हसू येतं. गावातल्या निम्म्या पोरांचे दाखले माझ्या अक्षरात होते, आणि माझ्या स्वतःच्या अर्जावर सही मागायला मी चालले होते ज्याचा हात धरून मी श गिरवून घेतला होता त्याच्याकडे. पण आमच्यात ती रीतच होती. बाईच्या कागदावर घरच्या गडीमाणसाची सही नसली तर कागद अर्धा वाटायचा. मी ती सही स्वतःच करून टाकली असती तर त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण बघायला येणार होतं? हे मला तेव्हा सुचलंच नाही.

रविवारी औंढ्याला गाडी बदलून नांदेडला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. कोणत्या शब्दांत विचारायचं याची गाडीत मी मनातल्या मनात दहा वेळा उजळणी केली.

मला बघून सगळ्यांना आनंद झाला, हे खोटं नाही. भावजयीनं गरम पाणी दिलं, दोन्ही लेकरं येऊन बिलगली. जेवण झाल्यावर मी पिशवीतून तिसरं माहितीपत्रक आणि अर्ज काढला. भावानं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, जसा तो ऑफिसात कागद वाचत असेल तसा. लेकरांनी डोंगर बघितला. भावजयीनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. तिच्या कमरेत दुसऱ्या बाळंतपणापासून कळ होती. भाकरी थापताना ती मधेच भिंतीला टेकायची, ते मी बघितलेलं होतं.

"अशी दुपारची झोपू देतेत व्हय तिथं, आक्का?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, फोटोत तर दिसतंय. भावानं तिच्याकडे बघितलं. मग त्यानं विचारलं की सोबतीच्या रकान्यात कोण, आणि मी उजळणी केलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला कल्पना सुचली होती. ती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. लहानपणी गणित सुटलं की असाच दिसायचा.

"आक्का, तुझी कावीळ तर बरी झाली. डोळे बघ, कसे पांढरेफेक हायत," तो म्हणाला. "हिची तकलीफ मात्र हटूनच न्हाई राहिली. तुला सुट्टी हाय, अर्ज आलेला हाय. हिला पेशंट करू अन् सोबतीला तू. दोघींचाबी आराम होईल."

त्यात वावगं काही नव्हतं. मी आजही शोधते आणि मला सापडत नाही. कंबर दुखत होती हे खरं, कावीळ उतरली होती हेही खरं. दोघींनाही रुग्ण केलं तर दोन सोबती पाहिजेत, आणि इथं एक मिळेना. भावजय घाईघाईनं म्हणाली की नको, आक्कांनी एवढं ठरवलंय, त्यांचं होऊ द्या. पण फोटो अजून तिच्या हातात होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी असतानासुद्धा मागच्या पोराला दटावणारी मी, पण माझ्यासाठी मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. मी म्हणाले, बराबर आहे.

भावानं लेकराच्या दप्तरातून खोडरबर काढला. मी पेन्सिलीनं लिहिलं होतं ना. त्यानं माझं नाव खोडलं, वय खोडलं, कावीळ खोडली. अगदी स्वच्छ, कागद न चुरगाळता, मी शिकवलं होतं तसंच. मग फुंकर मारली, खोडरबराचा कीस जमिनीवर उडाला आणि पेन काढून त्यानं शाईनं भावजयीचं नाव लिहिलं. नवव्या रकान्यात माझं लिहिलं. तिथं येऊन तो थांबला.

"नातं काय लिहू, आक्का?"

"नणंद," मी सांगितलं.

त्यानं लिहिलं आणि खाली झोकात सही केली. स्वतःसाठी मागवलेल्या अर्जात मी नणंद होऊन बसले. रात्री भावजयीनं माझ्यासाठी जाड गोधडी काढून दिली आणि मला त्या घरात इतकं एकटं वाटलं की जवळा बाजारची ती खोली बरी वाटली.

दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. लेकरं त्यांच्या आजोळी पाठवली. आरोग्यधाम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? हवा चांगली, माणसं चांगली, आमची जात कोणी विचारली नाही. पण पहिल्याच दिवशी वैद्यांनी सांगितलं की दिवसा झोपायचं नाही, दिवसा झोपलं की कफ वाढतो. मी फोटोचं विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, फोटोवाल्याला उजेड पाहिजे होता म्हणून दुपारी निजवलं होतं एका बाईला. आणि मग म्हणाले की रुग्णाला दिवसा झोपू न देणं हे सोबतच्या माणसाचं पहिलं काम.

तर मी ते काम केलं. दुपारी भावजयीचे डोळे मिटायला लागले की तिच्याशी बोलत बसायची, बोलणं संपलं की तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायची. ती बिचारी पंधराच्या पाढ्यात पेंगायची. पहाटे उठून मी चुलीवर पाणी तापवायची, काढा आणायची, मुगाचं कढण घोटाघोटानं पाजायची. मालीश करणाऱ्या बाईनं तेल लावलं की शेकाची पुरचुंडी गरम करून द्यायची आणि अंगावर वारा लागू नये म्हणून दाराला पाठ लावून उभी राहायची. पायऱ्या चढताना मला दम लागायचा. काविळीनंतरचा अशक्तपणा असा दोन-तीन महिन्यांत जात नाही. मी जिन्यात बसायची, श्वास घ्यायची आणि वर जायची. वैद्य रोज सकाळी खोलीत यायचे, भावजयीची नाडी बघायचे, जीभ बघायचे आणि मला म्हणायचे, सोबतच्या बाई, आज यांना किती वाटी कढण गेलं?

एकदा फक्त त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. विचारलं की तुम्हाला काही त्रास होतो का? मला वाटलं, आता सांगावं. पण भावजय खाटेवर बसून माझ्याकडे बघत होती, घाबरलेली. मी आजारी निघाले तर तिचं काय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी म्हणाले, नाही हो, मी ठणठणीत आहे.

संध्याकाळी सगळे सोबती पडवीच्या कट्ट्यावर बसायचे. कोणाची सून, कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा. आपापल्या रुग्णाबद्दल बोलायचे, आज भूक लागली, आज कळ कमी आहे. मीही बोलायची. एक म्हातारी मला म्हणाली की भावजयीचं इतकं करणारी नणंद मी बघितली नाही. मला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याचा रागही आला. एकवीस दिवस मी माणसांनी भरलेल्या जागेत होते, आणि माझी भूक, माझी झोप, माझा दम यांबद्दल त्या कट्ट्यावर बोलणारं कोणी नव्हतं. खोलीत कडी लावून एकटं असणं निराळं. हे त्याहून वाईट.

शेवटच्या दिवशी आम्ही निघायच्या तयारीला लागलो. भावजय खाली वाकली, जमिनीवरची वाटी उचलली आणि सरळ उभी राहिली. पुन्हा वाकली, पुन्हा उभी राहिली. हसायला लागली. कळ गेली होती. तिच्या गालांवर तेज आलं होतं, तिशीची बाई विशीची दिसत होती. मला खरंच आनंद झाला. मग ती हसता हसता थांबली आणि माझा हात धरून खाटेवर बसली.

"आक्का, आमी पाच बहिणी," ती म्हणाली. "माझ्या मायला एकेकीकडं बघायला टाइमच न्हाई भेटला. बाळंतपणाला गेले, तर महिन्याच्या आत मी शेणगोठा करून राहिले होते. कोणी पाणी हातात न्हाई देलं कधी. हे एकवीस दिवस मला माहेरी आल्यावानी वाटलं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं माझा हात गालाला लावला. मी म्हणाले, बरं झालं बाई.

आईबाप गेले की बाईचं माहेर भावजयीच्या हातात असतं, असं आमच्याकडे म्हणतात. जिला सासरच नाही तिच्यासाठी वेगळं काही म्हणत नाहीत. म्हणजे रिवाजानं माझं माहेर हीच, माझा हात धरून बसलेली. तिच्या ते ध्यानात आलं नाही आणि मला सांगता आलं नाही. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी तिची वळकटी बांधली, माझी बांधली आणि दोन्ही खांद्याला लावून जिना उतरले, कारण वैद्यांनी तिला सहा महिने ओझं उचलू नको म्हणून बजावलं होतं.